फ्रायर घेण्याआधी तेलाचा हिशोब

ठाण्यातल्या चरईहून न्यू जर्सीला गेलेल्या एका भगिनीचं पत्र आहे. त्या लिहितात, "ताई, दिवाळीला सासूबाई येताहेत. इथल्या कॉइलच्या शेगडीवर वडे तेलकट होतात, धुराचा अलार्म वाजतो. डीप फ्रायर घेऊ का? की सासूबाईच ठाण्याहून आणतील? मुलगी डब्यात पोळी-भाजी नेत नाही, तेही सांगा."

ठाण्याहून अजिबात मागवू नका. इथलं २३० व्होल्टचं, २००० वॅटचं यंत्र तुमच्याकडच्या १२० व्होल्टवर जेमतेम साडेपाचशे वॅटचं उरतं. वडे त्यात तळले जाणार नाहीत, नुसते भिजतील.

आता तेलाकडे येऊ. पत्रात पुढे तुम्हीच लिहिलंय, "छोट्या कढईत लिटरभर तेल घेते, एका वेळी सहा सोडते." अहो, मग शेगडीला का बोल लावता? तेलाच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकंच तळण एका वेळी सोडावं. लिटरभर तेल म्हणजे ९०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीडशे ग्रॅमचं तळण, म्हणजे दोन वडे. सहा सोडले की १८० अंश सेल्सिअसचं तेल झपकन उतरतं. कॉइल सावकाश तापते, तोवर बेसनाचं आवरण धरत नाही आणि वडा तेल पितो. माझ्या नणंदेकडे, तुमच्याच न्यू जर्सीतल्या एडिसनला, हेच व्हायचं. घाण्यातले वडे कमी केले, तेलकटपणा गेला.

तीन लिटरच्या फ्रायरमध्ये सहा वडे खुशाल बसतात आणि थर्मोस्टॅट तापमान सांभाळतो, हे खरं. पण ते तीन लिटर तेल नंतर कुठे जाणार? आमच्या घरी दिवाळीचं उरलेलं अर्धा-पाऊण लिटर गाळून फोडण्यांना वापरलं की पंधरवड्यात संपतं. तुम्ही तिघं तीन लिटर कधी संपवणार? ते यंत्रातच पडून राहतं आणि खवट होतं. आपल्याकडे १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणाच्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड्स' (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने बिघडून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही. घरी ते मोजता येत नाही, म्हणून खुणा बघा: फेस बसत नाही, तेल चिकट लागतं, नेहमीच्या आचेवरच धुरकटतं. यातलं एक दिसलं तरी तेल बाद.

म्हणून महिन्यातून दोनदा तरी भरपूर तळण होत असेल तरच घ्या. घेतलाच तर १७०० ते १८०० वॅटचा, कॉइल तेलात बुडलेली आणि भांडं सुटं निघणारं असा. कॉइलखालचं तेल तुलनेने गार राहतं, तिथे पडलेला बेसनाचा चुरा जळत नाही. प्लग थेट भिंतीत लावा, एक्स्टेंशनवर नको. जाळी आधी तेलात उतरवा आणि मग वडे सोडा, नाहीतर पीठ जाळीला चिकटून आवरण फाटतं. चकली-शंकरपाळ्यांना यंत्र उत्तम. पुरीला नाही: बऱ्याच घरगुती यंत्रांची मजल १९० अंशांपर्यंतच, शिवाय खोल जाळीत झाऱ्याने पुरी दाबता येत नाही. अनारशाचं तर नावच नको. तो खसखशीची बाजू वर ठेवून, झाऱ्याने तूप उडवत तळायचा असतो. जाळीत हसला तर चुराच हाती येईल.

तुमच्या पत्रावरून मला तुमची गरज वेगळी वाटते. जड बुडाची खोल कढई, दीड लिटर तेल, तळणाचा थर्मामीटर. तीनच वडे सोडा, काटा १७५ च्या वर आल्याशिवाय पुढचा घाणा नाही. धूर बहुतेक जळक्या चुऱ्याचा असतो, दर घाण्यानंतर झाऱ्याने तो काढत चला. अलार्म काढून ठेवू नका हं! पंखा आणि खिडकी तेल तापवायच्या आधीच चालू-उघडी हवी. कढईने पेट घेतलाच तर आच बंद करून झाकण ठेवा, पाणी कधीही नाही.

मुलीला पोळीची गुंडाळी करून द्या, बाकी जबरदस्ती नको. सासूबाई आल्या की तळण त्यांच्यावर सोपवा, पण थर्मामीटर आधी दाखवा. आणि उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते. पूर्ण गार करून दुधाच्या रिकाम्या खोक्यात भरा, तोंड बंद करा आणि मग कचऱ्यात टाका.