'पेशी' लावल्या की पेशी वाढतात, म्हणजे नक्की काय?

कसबा बावड्याच्या एका ताईंनी विचारलंय: सासऱ्यांच्या पायाला शुगरची जखम आहे. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याच रक्तातल्या पेशी काढून जखमेवर सोडू, म्हणजे कातडीच्या पेशी वाढतील." डेंगीत कमी होतात त्या पेशी आणि कातडीच्या पेशी एकच का? नसतील तर दोन्हींना एकच शब्द कसा?

ताई, एकच नाहीत. डेंगीच्या दिवसांत आपल्याकडे "पेशी उतरल्यात" म्हटलं की प्लेटलेट, हे कुणाला सांगावं लागत नाही. रिपोर्टमध्ये तांबड्या-पांढऱ्या पेशींसोबत त्यांचा आकडा येतो आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच आकड्यावर असतं. त्यातून नुसतं 'पेशी' रूढ झालं असावं. खरं तर प्लेटलेट ही पुरती पेशीच नव्हे. अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशींपासून सुटलेला तो तुकडा, त्यात केंद्रकही नसतं. एका मायक्रोलिटर रक्तात असे १.५ ते ४.५ लाख तुकडे असतात.

शालेय पुस्तकात यांना 'रक्तपट्टिका' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण पट्टी म्हटलं की लांबट काहीतरी डोळ्यांपुढे येतं आणि प्लेटलेट तर चकतीसारखी असते. 'बिंबाणू' हा शब्द नेमका आहे: बिंब म्हणजे चकती, अणू म्हणजे अगदी बारीक कण. शिवाय त्यात 'पेशी' नाही, त्यामुळे तुमच्यासारखा घोटाळा व्हायचा प्रश्नच उरत नाही.

आता डॉक्टरांचं वाक्य. बिंबाणू रक्त गोठवतात हे आपण जाणतो, पण त्यांच्या पोटातल्या बारीक कणिकांत वाढीला चालना देणारी प्रथिनं साठवलेली असतात. जखमेशी पोचले की ते ती सोडतात. त्यातलंच एक पीडीजीएफ. यीस्टमार्फत तयार केलेलं या प्रथिनाचं औषध मधुमेही पायाच्या जखमेसाठी अमेरिकेत १९९७ साली मान्य झालं. डॉक्टर म्हणाले तो उपचार म्हणजे पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा). तो करताना रुग्णाचं रक्त यंत्रात गरगर फिरवून बिंबाणू एकवटलेला रक्तद्रव वेगळा काढतात. काही ठिकाणी बिंबाणू गोठवून, वितळवून फोडतात आणि आतला अर्क तेवढा वापरतात.

हा अर्क काय करतो ते प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसतं. बशीत त्वचेच्या पेशींचा सलग थर वाढवायचा, त्यावर बारीक टोकाने ओरखडा ओढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहायचं. दोन्ही कडांच्या पेशी सरकत सरकत मोकळ्या जागेत येतात, विभागतात आणि फट बुजवतात. अर्क योग्य प्रमाणात घातला तर हे बहुधा लवकर होतं. खऱ्या जखमेत खालच्या थरातल्या पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागेही विणतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तांबूस दाणेदार मांस तळातून वर येतं. आपण "जखम भरत आली" म्हणतो ते याच अर्थाने. नुसतं "सुकली" म्हणजे वरून कोरडी झाली, आत काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. म्हणून ड्रेसिंगच्या वेळी "भरतेय का?" असंच विचारा. साखर आटोक्यात ठेवणं, पायावर भार न देणं आणि पायाचा रक्तपुरवठा तपासणं हे पीआरपी चालू असतानाही सुटता कामा नये.

घरात सांगताना वाक्य असं करा: "रक्तातले बिंबाणू जखमेवर सोडतात, त्यांच्यातल्या प्रथिनांमुळे कातडीच्या पेशी वाढतात." बिंबाणू जड वाटला तर खुशाल 'प्लेटलेट' म्हणा.