'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेचं १९६३ मधलं शीर्षकसंगीत सिंथेसायझरवर केलं होतं का?
नाही, त्यात सिंथेसायझर अजिबात नव्हता. चाल रॉन ग्रेनर यांची. पण ती प्रत्यक्षात घडवली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या, म्हणजे कार्यक्रमांसाठी ध्वनी आणि संगीत बनवणाऱ्या विभागातल्या, डेलिया डर्बीशायर यांनी, डिक मिल्स यांच्या मदतीने. छेडलेल्या एका तारेचा आवाज आणि चाचणीसाठीच्या ऑसिलेटरचे, म्हणजे विजेवर एकसारखा सूर काढणाऱ्या उपकरणाचे, सूर टेपवर घ्यायचे, टेपचा वेग बदलून हवा तो स्वर मिळवायचा, मग एकेक तुकडा मोजून कापायचा आणि जोडायचा. सगळं हाताने! व्हीसीएस ३ हा गाजलेला ब्रिटिश सिंथेसायझर तर आला सहा वर्षांनी, १९६९ मध्ये. डर्बीशायर यांचं लायब्ररी संगीत, म्हणजे कुठल्याही कार्यक्रमाला पैसे भरून वापरता येणारं तयार संगीत, पुढे 'द टुमॉरो पीपल' या टीव्ही मालिकेत वाजलं, तेही टोपणनावाने. 'डॉक्टर हू'च्या पडद्यावर त्यांचं नाव झळकलं थेट २०१३ मध्ये, निधनानंतर १२ वर्षांनी. हा मला त्यांच्यावर झालेला मोठा अन्याय वाटतो.