‘लाइफटाइम’ म्हणून घेतलेलं कुंडली सॉफ्टवेअर वर्षात रिन्यूअल मागतंय, काय करू?

गुरुजी, नमस्कार. मेल वाचला, स्क्रीनशॉट आणि बिलही पाहिलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गुरुजी पूजा सांगतात, पत्रिका करून देतात. मागच्या दिवाळीत एका कंपनीचं कुंडली सॉफ्टवेअर ‘११,९९९ चं फक्त ३,९९९ ला, लाइफटाइम लायसन्स, लक्ष्मीपूजनाच्या रात्री बारापर्यंतच’ अशी जाहिरात बघून घाईघाईत घेतलं. मग तुळशीच्या लग्नाला तीच ऑफर, संक्रांतीलाही तोच भाव. गुणमेलनाचे पैसे वेगळे निघाले, आणि आता वर्ष झाल्यावर म्हणतात रिन्यूअल भरा नाहीतर प्रिंट निघणार नाही. कस्टमर केअरचं एकच पालुपद, नो रिफंड.

तुमचा सगळा राग त्या बारा वाजताच्या घड्याळावर आहे, आणि तो बरोबरच आहे, खोटी घाई दाखवणं हा ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ऑनलाइन ग्राहकाला फसवून घ्यायला लावणाऱ्या युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बंद केलेला प्रकार आहे. पण तक्रार त्यावर उभी करू नका, कारण कंपनी म्हणेल आम्ही ऑफर वाढवली, गुरुजींना तर स्वस्तातच मिळालं ना, नुकसान काय झालं? तुमचा हुकमी पत्ता ‘लाइफटाइम’ हा शब्द आहे. जाहिरातीत आहे, बिलावर पण छापलाय, आणि आता वर्षाने प्रिंट अडवतायत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींत हे सरळ बसतं. ११,९९९ ला ते कधी कुणाला विकलंच नसेल तर नेहमीच्या किमतीबद्दल फसवलं हाही मुद्दा आहेच, तो दुसऱ्या नंबरवर ठेवा.

आता खरी मेख. कंपनीचा वकील पहिलं हेच म्हणणार की गुरुजी दक्षिणा घेऊन पत्रिका देतात, म्हणजे व्यावसायिक वापर, म्हणजे ते ग्राहकच नाहीत. घाबरू नका, स्वयंरोजगारातून पोट भरायला वस्तू घेतली तर तो व्यावसायिक हेतू धरत नाहीत असं कायद्यातच स्पष्टीकरण आहे. सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात दुसऱ्याचं टायपिंग पैसे घेऊन करून देणाऱ्याच्या टाइपरायटरचं उदाहरण घेऊनच ते समजावलंय, आणि मदतीला एखाददुसरा माणूस असला तरी बिघडत नाही असंही म्हटलंय. म्हणजे तुमचा मुलगा जन्मवेळा टाइप करतो त्याने काही होत नाही. फक्त तक्रारीत ‘माझा ज्योतिष व्यवसाय’ असलं भारदस्त काही लिहू नका. ‘यावरच माझं घर चालतं, सॉफ्टवेअर मी स्वतः वापरतो’ असं साधं लिहा.

अटींमध्ये ‘फक्त बेंगळुरू कोर्ट’ आणि आर्बिट्रेशन (कोर्टाऐवजी लवादाकडे जा) लिहिलंय त्याने पण अडत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य आहे आणि वकील सक्तीचा नाही (हे सांगून मी माझ्याच पोटावर पाय आणतोय, पण ३,९९९ साठी वकील करणं म्हणजे वेडेपणा).

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी ४८ तासांत पोच देऊन महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, बऱ्याच कंपन्या तिथूनच फोन आला की नरमतात. नाहीच हललं तर ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाका, खरेदीपासून दोन वर्षांच्या आत राहा म्हणजे मुदतीचा वादच नको. मागणी साधी ठेवा: लाइफटाइम चालू करा किंवा पैसे परत द्या, वर त्रासाची भरपाई आणि खर्च. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पण तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या खिशात काही येत नाही.

स्क्रीनशॉट ज्या मोबाईलवर काढले तो विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे स्क्रीनशॉटसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडायला लागेल.

आणि मेल पाठवायच्या आधी दोन कामं आजच उरकून घ्या. यजमानांच्या सगळ्या पत्रिका पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर घ्या, कारण तक्रार गेली की लायसन्स बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. आणि यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे उघडून बघा, या कंपनीच्या नावाने काही चालू असेल तर रद्द करा.