मुलगी म्हणते छोटं विमान उडवायचंय, परवानगी देऊ का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी 17 ची झालीय, वर्षभर ती छोटी विमानं उडवणाऱ्या हौशी पायलटांचे अनुभव शोधून शोधून वाचतेय आणि आता प्रायव्हेट पायलट लायसन्स काढायचं म्हणतेय. तिने तुम्हालाही काही किस्से वाचून दाखवले, त्यातले ढगात अडकल्याचे आणि इंजिन खडखडल्याचे ऐकून तुमची झोप उडाली. तुम्ही विचारताय, हे करिअर आहे का, आणि तिला जाऊ द्यावं का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. प्रायव्हेट लायसन्सवर पायलट म्हणून पगार घेता येत नाही, स्वतःसाठी उडवा, घरच्यांना मित्रांना घेऊन जा, एवढंच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याला साधारणपणे कमीत कमी 40 तासांचं उड्डाण लागतं, त्यातले 10 तास एकट्याने, आणि एकट्याने एक लांबची फेरी, किमान 270 किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी उतरून. बहुतेकांना 40 पेक्षा बरेच जास्त तास लागतात, त्यात कमीपणा काही नाही. नोकरीसाठी पुढे कमर्शियल लायसन्स, ढगातून उडायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (रेटिंग म्हणजे लायसन्सवरची जास्तीची परवानगी), दोन इंजिनांचं रेटिंग असा मोठा प्रवास आहे. प्रायव्हेट ही त्यातली पहिली पायरी, आणि माझ्या मते इथेच कळतं की माणूस यासाठी बनलाय की नाही.

आता दुसरा प्रश्न, त्यावर जरा जास्त बोलतो, कारण माझ्याकडे स्वतःचं प्रायव्हेट लायसन्स आहे. नोकरी म्हणून कधी उडवलं नाही पण छोट्या विमानात काय होतं ते हाताने अनुभवलंय.

लायसन्स मिळून वर्षही झालं नव्हतं. थंडी अजिबात नव्हती, हवा मात्र दमट होती, आणि सरळ उडत असताना आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, 2400 वरून 2300 वर आला, मग अजून थोडा खाली, इतका हळूहळू की मला वाटलं थ्रॉटलच सरकला असेल म्हणून मी तो जरा पुढे केला. मग लक्षात आलं, कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळतात तिथे, बर्फ. पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान एकदम इतकं पडतं की बाहेर 20 अंश असले तरी दमट हवेतलं पाणी आत गोठू शकतं. तिथे गरम हवा सोडणाऱ्या कार्ब हीटचा नॉब ओढला आणि इंजिन सुधारायच्या ऐवजी आणखीच खोकायला लागलं, आरपीएम अजून पडला, माझा हात आपोआप नॉब परत आत ढकलायला निघाला. इन्स्ट्रक्टरने शंभर वेळा सांगितलं होतं, बर्फ वितळून ते पाणी इंजिनात जातं म्हणून खोकतं, नॉब परत ढकलू नकोस. नाही ढकलला. ती वीस तीस सेकंदं फार लांब वाटली, मग आवाज एकसारखा झाला आणि मी विमान वळवून आलो तिकडेच परत गेलो. पुढे जाता आलं असतं. पण दमट हवा तीच होती, म्हणून नाही गेलो.

हे सांगायचं कारण म्हणजे मुलीला एक विचारा. ती जे अनुभव वाचते त्यात तिला आवडतात कुठले, कसाबसा वाचलो असे थरारक, की हवा बघून परत फिरलो, आज निघालोच नाही असे? हौशी पायलट तासन्‌तास वाद घालतात, पंख वर असलेलं विमान बरं की खाली असलेलं, जुने काटेवाले डायल बरे की नवीन स्क्रीन, ते सगळं मजेचं आहे, मीही घालतो. पण शिकण्यासारखं खरं परत फिरणाऱ्यांकडे असतं. 1954 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला, इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे नुसत्या काट्यांकडे बघून, उडायचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना बाहेरचं काही दिसणार नाही असं करून उडवायला दिलं, सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. हा आकडा सगळे सांगतात, पुढचं फार कोणी सांगत नाही. तो प्रयोग होताच मुळी 180 अंश वळून ढगातून बाहेर कसं पडायचं ते शिकवता येतं का हे बघायला, आणि थोड्या सरावानंतर जवळपास सगळ्यांना ते जमलं.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं असं तुम्ही लिहिलंय, तसं नसतं हो. सेसना 172 सारखं विमान इंजिनाशिवाय हजार फूट उंचीवरून साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं, आणि हे ट्रेनिंगमध्ये पुन्हा पुन्हा करून घेतात. धोका नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यातला बराचसा निघायच्या आधीच कमी करता येतो, प्रत्येक उड्डाणाआधी टाकीतून पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढून बघायचं असतं, पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब बसलेला दिसतो. हे जो शंभराव्या वेळीही पहिल्यासारखं बघतो त्याच्या शेजारी मी डोळे झाकून बसेन.

म्हणून आत्ता हो किंवा नाही म्हणू नका. आधी मेडिकल करून घ्या, आणि तिला पुढे नोकरी करायची असेल तर क्लास 1 चंही, म्हणजे नोकरी करणाऱ्या पायलटांना लागणारी जास्त कडक तपासणी, कारण काही जणांना रंग ओळखण्यातली अडचण तिथेच पहिल्यांदा कळते आणि तोवर पैसे भरून झालेले असतात. नुसत्या चष्म्याने सहसा अडत नाही. मग इन्स्ट्रक्टरसोबत एकच ट्रायल फ्लाइट. आल्यावर कसं वाटलं विचारू नका, निघायच्या आधी त्यांनी काय काय तपासलं ते विचारा, तिने लक्ष दिलं असेल तर अर्धा तास बोलेल. स्कूलला पूर्ण फी आगाऊ देऊ नका, टप्प्याटप्प्याने द्या, पण सगळ्या तासांच्या पैशांची सोय मात्र आधी करून ठेवा, महिना महिना खंड पडला की हात विसरतो आणि तेच तास परत करावे लागतात.

फिजिक्स आणि इंग्रजी सोडू देऊ नका. मेडिकलला जाताना जुने रिपोर्ट आणि चष्म्याचा नंबर सोबत न्या, आणि निकाल आला की मला कळवा, पुढचं त्यावर ठरवू.