आई जेवल्या नाहीत

मी समुपदेशक आहे. दिवाळीची सुट्टी संपून पंधरा दिवस झाले की माझ्याकडे एक ठरावीक तक्रार येते. तीच पुन्हा जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर. "मॅडम, एवढा खर्च करून फिरायला गेलो आणि पहिल्याच दिवशी वाजलं. आमच्यातच काही खोट आहे का?" कोणी महाबळेश्वरहून आलेलं असतं, कोणी केरळहून. इथे ज्यांची गोष्ट सांगते आहे त्या बाई क्रूझवरून आल्या होत्या. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.

रत्नागिरीच्या बाई, शाळेत शिक्षिका. खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं आणि त्यातला एक कागद माझ्यापुढे ठेवला. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत यायचं, त्याचा तासातासाने आखलेला बेत. पहिल्या दिवसाच्या रकान्यात हिरव्या शाईने लिहिलं होतं : 'सायं. ५.३०, वरचा डेक, सूर्यास्त, चौघांचा फोटो.' बाकी सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण होती. या ओळीपुढे नव्हती.

"दोन वर्षं पैसे साठवले," बाई म्हणाल्या. "आईंना एकदा मोठ्या बोटीत बसवायचं होतं. पण आमच्या घराला सुख पचतच नाही."

आई म्हणजे सासूबाई, वय सत्त्याहत्तर. शिवाय नवरा आणि सोळा वर्षांचा मुलगा.

त्या दिवशी झालं ते असं. रत्नागिरीहून रात्रीची गाडी, पहाटे दादर, नातेवाइकांकडे अंघोळ, मग टॅक्सी. टॅक्सीत सासूबाई तीनदा विचारत होत्या, "भाऊच्या धक्क्यालाच ना?" आणि मुलगा तीनदा सांगत होता, "नाही आजी, बॅलार्ड पियर." पुढे रांग, ओळखपत्रं, पुन्हा रांग. मोठ्या बॅगा काउंटरवर घेतल्या, त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतील असं सांगितलं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यातल्याच एका बॅगेत. केबिन तयार नव्हती म्हणून आधी जेवायला गेले. हॉलमध्ये इथून तिथून मांडलेले पदार्थ. सासूबाईंनी ताट घेतलं, ठेवलं आणि म्हणाल्या, "मला भूक नाही."

गुरुवार होता. पलीकडच्या टेबलावर कोंबडी. बाईंनी काय ते ओळखलं. म्हणजे ओळखलं असं त्यांना वाटलं.

मुलगा किनारा सुटायच्या आत रेंज वापरून घेत होता, कारण पुढे समुद्रात ती जाणार. नवरा रात्रभर गाडीत जागा होता, तो "तुम्ही व्हा पुढे" म्हणून आडवा झाला. मग भोंगा वाजला, सात आखूड आणि एक लांब. बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या प्रवाशांना संकटकाळची रंगीत तालीम द्यावीच लागते. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली, ३२ माणसं गेली, आणि नव्याने चढलेल्या कित्येकांची तालीमच झालेली नव्हती. त्यानंतर हा नियम कडक झाला. पण हे कोणी सांगत नाही, नुसता भोंगा वाजतो आणि माणसं दचकतात. तिथला माणूस लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते दाखवत होता. मुलगा हसत होता, नवरा जांभया देत होता आणि सासूबाई एकटक बघत होत्या. बघून झाल्यावर त्यांनी त्याला खड्या आवाजात विचारलं, "ही बोट बुडायला किती वेळ लागतो?"

"मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं," बाई म्हणाल्या. समुद्रात धरणी कुठून आणायची, हे माझ्या ओठांवर आलं होतं. नाही बोलले.

साडेपाचला वरच्या डेकवर बाई एकट्या होत्या. पुन्हा खाली आल्या, "चला ना, सूर्य जाईल," म्हणून तिघांना उठवायला लागल्या. कोणी उठेना. मग तोंडून गेलं, "तुमच्यासाठी केलं मी हे सगळं!" आणि नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला, "आम्ही मागितलं होतं का?" बाई केबिनच्या बाथरूममध्ये गेल्या. ती एवढी लहान की रडताना दोन्ही कोपरं भिंतीला टेकत होती. हे त्यांनी मला हातवारे करून दाखवलं.

आता माझी चूक सांगते. पहिल्या भेटीनंतर मी वहीत लिहिलं : 'सासू-सून, जुनं दुखणं. बाईंना सगळं हातात ठेवायची सवय.' हिरव्या शाईचा कागद बघून मी निकाल देऊन टाकला होता. वीस वर्षं हे काम करते आहे, तरी होतं असं. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. रक्त तपासायला आणलं होतं, परत घरी सोडून यायला वेळ नव्हता, म्हणून. त्या बाहेर बाकावर बसणार होत्या. मी म्हटलं, आत या की.

बोलता बोलता मी विचारलं, "आजी, त्या दिवशी जेवला नाहीत, जेवण आवडलं नव्हतं का?"

"जेवण कसं होतं ते मला काय ठाऊक? मी मुद्दाम जेवले नाही गो."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी मुंबईहून माहेरी येताना कोकण बोट. हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नसे, बाहेर नांगर टाकी आणि उतारूंना पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवत. या आठ-नऊ वर्षांच्या. भाऊच्या धक्क्यापासून पोटात ढवळत होतं, आणि पडावात पाय ठेवताना सगळं बाहेर आलं ते शेजारच्या बाईच्या लुगड्यावर. नव्या लुगड्यावर. "ती काही बोलली नाही गो. नुसतं बघितलंन." तेव्हापासून बोट म्हटलं की पोटात काही घालायचं नाही, हा त्यांचा नेम. "पोटात नसलं की पडायचं काय?"

सून त्यांच्याकडे बघत राहिली. "आई, मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तिकीट रद्द केलं असतंस. एवढी खुशीत होतीस."

तर आईंच्या न जेवण्यात गुरुवार नव्हता, कोंबडी नव्हती आणि सुनेवर राग तर मुळीच नव्हता. 'बोट किती वेळात बुडते' हा टोमणा नव्हता. लुगड्यावर ओकलेल्या मुलीला एकदा विचारून घ्यायचं होतं, एवढंच.

उपाशी राहण्याचा उपाय मात्र उलटा आहे, ते मी आजींना तिथेच सांगितलं. आपल्याकडे 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग इतका जुना आहे की बोटी बंद झाल्या तरी तो घाटातल्या एसटीत 'गाडी लागते' होऊन राहिला. होतं असं की कानाच्या आत तोल सांभाळणारं इंद्रिय 'हलतंय' म्हणतं, डोळ्यांपुढची केबिनची भिंत 'स्थिर आहे' म्हणते, आणि मेंदूला या दोन साक्षी जुळवता येत नाहीत. रिकाम्या पोटी ते जास्तच जाणवतं. थोडं कोरडं, हलकं खावं, तेलकट टाळावं. बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावा कमी लागतो. उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघावं. बंद खोलीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसणं सगळ्यात वाईट. गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून आणि बोट सुटायच्या आधी. एकदा उलट्या सुरू झाल्या की ती पोटात टिकत नाही. आणि रोजच्या गोळ्या, चष्मा, कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत कधीही नाही.

इथवर झालं आजींचं. माझ्या समोरचा प्रश्न बाईंचा होता.

मी त्यांना म्हटलं, "दुसऱ्या दिवसाचं सांगा." त्या गप्प. "तिसऱ्या?" मग आठवून आठवून सांगू लागल्या. तीन भेटींत पहिल्या संध्याकाळचं त्यांनी चारदा सांगितलं होतं, बाकीच्या दिवसांचं एकदाही नाही. मी घरी नेऊन करायला एक काम दिलं : प्रत्येकाला विचारा, क्रूझमधलं पहिलं काय आठवतं? कागदावर लिहून आणा. (कागद त्यांना आवडतात.)

आजींना आठवत होता टॉवेल दुमडून पलंगावर ठेवलेला हत्ती. तो मोडायचा नाही म्हणून त्या पहिल्या रात्री अंग आखडून एका कडेला झोपल्या होत्या. मुलाला आठवत होतं, त्याच रात्री एक-दीडला बाबांबरोबर डेकवर खाल्लेलं आइस्क्रीम. बाबांनी लांब कुठेतरी मासेमारी बोटींचे दिवे दाखवून सांगितलं होतं, "इथेच कुठेतरी असेल बघ आपलं घर." रात्रभर गाडीत बसून मुंबईला जायचं आणि तिथून बोटीत बसून अंधारात स्वतःच्याच गावावरून जायचं, याचं दोघांना हसू आवरेना. नवऱ्याला आठवत होती झोप. तिघांपैकी एकानेही भांडण लिहिलं नव्हतं. बाईंनी ते दोनदा तपासलं.

मानसशास्त्रात यावर एक जुना प्रयोग आहे. १९९३ साली डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंश गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. मग दुसऱ्यांदा तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाण्याचा गारवा जेमतेम अंशभर कमी केला. पुन्हा यातलं कोणतं कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं. स्मृती सगळ्या सेकंदांची बेरीज करत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, यांवर ती हिशोब मांडते. तिघांच्या हिशोबात तीव्र क्षण हत्ती, आइस्क्रीम, झोप असे होते. बाईंच्या हिशोबात बाथरूम होतं, आणि त्यापुढचे सगळे दिवस त्या बाथरूममध्येच बसलेल्या होत्या.

असं त्यांचंच का झालं? कारण त्या दिवशी तिघं सुट्टीवर होते आणि त्या परीक्षेला बसल्या होत्या. ज्याने बेत आखला, पैसे जमवले, तो माणूस पहिल्या दिवशी समुद्र बघत नाही, चेहरे बघतो. आईच्या कपाळावरची आठी, मुलाची मान, नवऱ्याची जांभई, सगळं त्याला प्रगतिपुस्तकासारखं दिसतं. आणि घरच्यांना काय दिसतं, तर दर पाऊण तासाने कोणीतरी येऊन विचारतंय, "मजा येतेय ना?" याला खरं उत्तर देता येत नाही. 'हो' म्हटलं तर नाटक, 'नाही' म्हटलं तर कृतघ्न. मग माणूस झोपल्याचं सोंग घेतो.

खरं तर पहिला दिवस सुट्टीचा नसतोच, बिऱ्हाड हलवण्याचा असतो. अपुरी झोप, रांगा, न आलेल्या बॅगा, चार माणसं एका खणात. त्यात सूर्यास्ताचा फोटो कोंबू नये. मी सांगते, पहिल्या दिवशी रात्रीचं जेवण तेवढं एकत्र ठरवा. बाकी ज्याला झोपायचं तो झोपेल, ज्याला रेंज हवी तो रेंज घेईल.

यात एक सावधगिरी आहे. फिरायला गेल्यावर मारहाण होत असेल, कोणाची भीती वाटत असेल, किंवा वयस्कर माणूस नव्या जागी संध्याकाळी भांबावून 'मी कुठे आहे' विचारू लागलं असेल, तर त्याला पहिल्या दिवसाची कुरबुर म्हणू नका. त्यासाठी वेळेत मदत घ्या, आणि वयस्करांच्या बाबतीत आधी डॉक्टरांची.

बाईंना मी एका दिवसाची सहल सुचवली. जयगडहून तवसाळला फेरीबोटीने, पुढे गुहागर, संध्याकाळी घरी. कागद नाही, आणि दिवसभर 'मजा येतेय ना' विचारायचं नाही. त्या हसल्या, म्हणाल्या, एवढं जमेल.

पंधरवड्याने आल्या. आजींनी निघताना दोन चपात्या खाल्ल्या होत्या आणि फेरीबोटीत गाडीतून उतरून कठड्याला धरून उभ्या राहिल्या होत्या, हे आधी सांगून झालं.

"आणि तुम्ही? विचारलंत का?"

"दोन वाजेपर्यंत तग धरला. मग विचारलंच."

"मग?"

"मुलगा म्हणाला, आई, तू आधी सांग, तुला येतेय का?" बाई जरा थांबल्या. "मला काही सुचेचना हो. मी म्हटलं, मला भूक लागलीय."