जीआय पाइपचा युनियन ठिबकतोय, वेल्डिंग मारून टाकू का?

मुळीच मारू नका. टेप दोनदा बदलूनही पंपाजवळची युनियन (नट फिरवून पाइप सोडवता येतो तो जोड) ठिबकते आणि वेल्डर "एकदाच बंद करून टाकतो" म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या दादानेही हेच ऐकलं होतं.

डिचोलीला आमच्या विहिरीवर पंप आहे. मी तेव्हा बार्ज दुरुस्तीच्या यार्डात फिटर होतो. दादाने दोन्ही युनियन काढून पंपापासून टाकीपर्यंत सगळा पाइप वेल्ड करून घेतला. मी विचारलं, "उद्या पंप काढायचा कसा?" तर म्हणाला, "तू बार्जवरचा फिटर, घरचं मला शिकवू नकोस." थोरला भाऊ, मी गप्प बसलो.

सात वर्षांनी, नेमका चतुर्थीच्या आदल्या दिवशी पंपाचा सील गेला. घर माणसांनी भरलेलं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायचं काम चाललेलं, आणि पंप जागचा हलेना. युनियन असती तर दोन पान्यांचं काम. मी हॅक्सॉने पाइप कापला, डाय मागून आणला आणि रात्री बॅटरीच्या उजेडात आटे पाडले. कापलेला तुकडा उजेडात धरला. इंची पाइप, पण वेल्डच्या जागी आत गंजाचे फोड, करंगळी जेमतेम जाईल एवढीच वाट. जीआय पाइपला गंजू नये म्हणून आतबाहेर जस्ताचा थर असतो. जस्त 907 अंशांना उकळतं, पोलाद वितळायला 1500 च्या आसपास लागतात. वेल्ड बसेपर्यंत जस्ताचा धूर झालेला असतो, आणि आतून ते परत कोण लावणार? तो धूर छातीत गेला की वेल्डरला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, हे यार्डात पाहिलंय.

युनियनच्या नटावर टेप गुंडाळून उपयोग नाही. पाणी अडतं ते आतली दोन तोंडं एकमेकांवर बसल्यामुळे, नट त्यांना फक्त ओढून धरतो. खोला, तोंडं पुसा, ओरखडा दिसला तर युनियनच बदला. दोन्ही पाइप एका रेषेत नसतील तर कितीही आवळा, गळणारच. टेप किंवा सूत-सफेदा लागतो तो निपल-सॉकेटच्या आट्यांना.

वेल्डिंगला माझा विरोध नाही. बार्जवर काळ्या, म्हणजे जस्त नसलेल्या पाइपला आम्हीच मारायचो, पण पंपाच्या तोंडाशी फ्लँज (बोल्ट काढून उघडता येणारा जोड) ठेवूनच.

तो तुकडा अजून पडवीत आहे. दादा म्हणतो, वेल्डर कच्चा होता. तसं नव्हतं. त्याचा जोड सात वर्षांत एक थेंबही गळला नव्हता.