बाळाची सर्दी: आधी श्वास मोजा

निफाडचा पारा उतरला की नाशकातले नवे आईबाप खोकल्याच्या आवाजालाच घाबरतात. आवाज सोडा, छाती बघा. बाळ झोपल्यावर झबलं वर करून पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर थेट दवाखाना गाठा. आरएसव्ही या बाळांना सर्दी-खोकला आणणाऱ्या विषाणूचा जोर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी असतो, तोवर मोजणं सोडू नका. नाक चोंदलं की बाळ दूध ओढत नाही. पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे २ थेंब टाका. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. वर्षाच्या आत मध नाही, आजी कितीही म्हणोत.